उलटी बाजू नसलेली चादर

माझं डोकं लवकर तापतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर दोन देशांच्या लष्करी साहेबांसमोर मी टेबलावर चादर आपटली हे पुढं वाचून कोणाचा तरी गैरसमज व्हायचा. तापतं तसं ते निवतंही लवकर, अर्धा कप चहा पुरतो. आमच्या कारखान्याच्या मालकांना हे पाठ झालंय. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. चौतीस वर्षं मी त्यांच्याकडं चादरींवरची नक्षी काढते आहे आणि एवढ्या वर्षांत आमचं दोघांचं एकमत झालं असे प्रसंग सांगायला बसले तर चहा गार व्हायच्या आत संपतील. तरी त्यांनी मला कधी जा म्हटलं नाही आणि मीही कधी गेले नाही.

अण्णा तेलुगू विणकर घरातले. रागावले की तेलुगूत बोलतात आणि खूश असले की मराठीत, त्यामुळं माझं तेलुगू बऱ्यापैकी चांगलं झालंय. तिसरे आमचे मामा. मागावरचे सगळ्यात जुने कामगार, रोज मंद्रूपहून एसटीनं येतात आणि कोणालाही घाबरत नाहीत. पूर्वी आमच्या सगळ्या मागांवर चादरीच निघायच्या. आता बहुतेकांवर टॉवेल चालतात. चादरीचे, म्हणजे वर नक्षी उठवणारं जेकार्ड यंत्र बसवलेले, माग चारच उरलेत. ते मोडीत काढावेत असं अण्णा दरवर्षी दसऱ्याला म्हणतात आणि मग त्याच मागांना झेंडूची माळ घालून नारळ फोडतात.

गोष्ट गेल्या वर्षीची. गणपती बसून उठले होते आणि मुंबईच्या एजंटाकडून एक काम आलं. दोन देश एका बाजूनं लढत होते, तिसऱ्याविरुद्ध. कुठले ते सांगत नाही, तसा शब्द दिलेला आहे. दोघांनी मिळून डोंगरात एक इस्पितळ उघडलं होतं आणि त्या इस्पितळाला तीन हजार चादरी हव्या होत्या. लोकरीची पांघरुणं त्यांनी वापरून बघितली होती, पण रक्ताचे डाग काढायला उकळली की ती आकसून निम्मी व्हायची. आमची सुती चादर कितीही उकळा, हूं की चूं करत नाही. अट एकच होती. बर्फ पडला की तिथला रस्ता बंद होतो, तेव्हा गाठोडी दिवाळीच्या आत सोलापुरातून निघायला पाहिजेत.

आणि हो, आणखी एक. चादरीच्या एका टोकाला आडवा पट्टा, आणि त्या पट्ट्यात दोन्ही देशांचे बिल्ले शेजारी शेजारी.

एका देशाचा बिल्ला म्हणजे एक झाड होतं, दुसऱ्याचा म्हणजे आठ टोकांची चांदणी. कारखान्यात त्यांची नावं लगेच पडली, झाडवाले आणि चांदणीवाले. मी दोन दिवसांत नक्षी तयार केली. हल्ली ती कॉम्प्युटरवर करतात, पण मी आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं काढते, त्याशिवाय मला धागा दिसत नाही. झाड डावीकडं घेतलं, चांदणी उजवीकडं. झाडाचं चित्र आधी आलं होतं, यापलीकडं त्याला काही कारण नव्हतं. मामांनी नमुन्याची एक चादर विणली, दोरीवर टाकली, आणि पांढऱ्यावर निळं झाड, निळी चांदणी असा सुंदर फोटो आम्ही पाठवून दिला.

चार दिवसांनी चांदणीवाल्यांचं पत्र आलं. फार गोड भाषेत होतं. चादर उत्तम आहे, फक्त झाड आधी का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी कॉम्प्युटरवर दोघांच्या जागा बदलून चित्र पाठवलं. दोन दिवसांनी झाडवाल्यांचं पत्र आलं. ते तितकंसं गोड नव्हतं.

"काय ताई," अण्णा म्हणाले, "लग्नाच्या पत्रिकेसारखं झालं की हे."

मग ठरलं की सगळ्यांनी एकदा समोरासमोर बोलायचं. मंगळवारी दुपारी अण्णांच्या केबिनमध्ये लॅपटॉप मांडला. पडद्यावर तीन चौकोन. एकात झाडवाले साहेब, जाड मिशांचे. एकात चांदणीवाले साहेब, बारीक, चष्मा लावलेले. तिसऱ्यात त्या इस्पितळाची मोठी सिस्टर. माझ्याच वयाची बाई, डोळ्यांखाली काळं, अंगात स्वेटरवर स्वेटर. इंग्रजी तिचंही बेताचं आणि माझंही बेताचं, त्यामुळं आम्हा दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं.

तिनं सुरुवातीलाच सांगितलं की खिडकीच्या काचांवर आतून बर्फ धरायला लागलाय. "माझ्या लोकांना थंडीनं झोप येत नाही," ती म्हणाली, "आणि झोप नसली की जखम भरत नाही. मला चादरी द्या, बाकी काय ते नंतर भांडा."

दोन्ही साहेबांनी मान डोलावली आणि भांडायला लागले.

भांडण म्हणजे आरडाओरडा नव्हे. आमच्याकडं आवाज चढला तर भांडण असतं. तिथं उलट, जितका राग तितकं सौजन्य. झाडवाले म्हणाले, आमच्या मित्रदेशाबद्दल आम्हाला नितांत आदर आहे, पण इस्पितळाची जागा आमची आहे. चांदणीवाले म्हणाले, त्या उपकाराचा आम्हाला कधीच विसर पडणार नाही, पण डॉक्टर आमचे जास्त आहेत. मी म्हटलं, एकाखाली एक घेऊया. दोघांनी एकदमच विचारलं, वर कोण? मी म्हटलं, मग बिल्लेच नकोत, साधा निळा पट्टा देते. तर दोघंही ताठ झाले. मायदेशातल्या लोकांना आपली मदत कुठं पोचली ते दिसायला हवं, असं दोघांचंही म्हणणं. त्या दिवसात त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर, आणि तेही माझ्याविरुद्ध.

मला खरं तर चीड आली होती. लढाई चालू आहे, माणसं कुडकुडताहेत, आणि ही मंडळी पहिलं पान कोणाचं यावर अडून बसलेली. अण्णांनी चहा मागवला.

पुढच्या मंगळवारी आम्ही तयारीनं बसलो. अण्णांनी लग्नपत्रिकेचाच धागा पकडला होता. आपल्याकडं मुलीकडचे आपली पत्रिका छापतात, मुलाकडचे आपली. लग्न एकच, पण ज्याच्या त्याच्या पत्रिकेत त्याचं घराणं आधी. कोणी रुसत नाही. तसंच निम्म्या चादरींवर झाड आधी घ्यायचं आणि निम्म्यांवर चांदणी. ज्याचा जखमी, त्याची चादर. दोन्ही साहेबांना हे एकदम पसंत पडलं. मिशांच्या साहेबांनी तर अण्णांचं कौतुक केलं आणि अण्णा इतके खूश झाले की साहेबांशी मराठीतच बोलायला लागले.

"नाही," सिस्टर म्हणाली.

तिचा आवाज थकलेला होता. आदल्या रात्री एका पांघरुणात दोघांना झोपवलं, असं ती म्हणाली. "कोण कुठला ते मी बघितलं नाही. आता तुम्ही मला दोन तऱ्हेच्या चादरी देणार. धुऊन आल्या की कुठली कोणाची हे मी वेचत बसू? मग खाटाही वेगळ्या होतील. माझ्या वॉर्डात दोन बाजू पडतील. लढाईत एक बाजू आहे आपली, ती मी वॉर्डात मोडू देणार नाही."

अण्णांनी हळूच तेलुगूत काहीतरी म्हटलं. मी त्या बाईच्या प्रेमातच पडले.

मग मी म्हटलं, चादरीच्या एका टोकाला झाड आणि दुसऱ्या टोकाला चांदणी घेऊया. यावर पडद्यावरून कोणी बोलायच्या आत दाराशी उभे असलेले मामाच बोलले.

"ताई, म्हंजी येकाचा बिल्ला उशाला आन् दुसऱ्याचा पायाशी? न्हाय जमायचं. लोकाच्या देशाच्या निशाणीला पाय लागत्याल. मी न्हाय इननार तसली चादर."

"अहो मामा, त्यांना चालत असेल तर तुमचं काय जातं?"

"त्यांना चालंल. मला न्हाय चालत की."

साहेबांनी विचारलं, ते काय म्हणताहेत? मी सांगितलं. चष्म्याचे साहेब गंभीर झाले आणि म्हणाले, यांचं बरोबर आहे. मिशांचे साहेबही म्हणाले, बरोबर आहे. झालं. मामांनी दोन राष्ट्रांना पुन्हा एकत्र आणलं, पुन्हा माझ्याविरुद्ध. त्या दिवशी मला दोन कप चहा लागला.

एव्हाना दसरा तोंडावर आला होता. सूत रंगवून तयार होतं, पट्टा सोडून बाकी नक्षी मागावर चढवलेली होती, आणि चारही जेकार्ड गप्प उभे होते. अण्णा म्हणाले, हे काम सोडून देऊ, टॉवेल चढवू. मी म्हटलं, सोडा, आणि त्या बाईला तुम्हीच फोन करून सांगा. अण्णांनी फोन केला नाही.

तिसऱ्या मंगळवारी सकाळी मामांनी नमुन्याची चादर उकळून बघितली होती. रंग सुटतो का ते बघायला तसं करायचंच असतं. वाळल्यावर त्यांनी ती आणून केबिनमध्ये, माझ्या खुर्चीच्या मागं, खुंट्यांवर टांगून ठेवली. मी तिच्याकडं बघितलंही नाही. लॅपटॉप सुरू झाला. सिस्टर म्हणाली, शिखरांवर पहिला बर्फ पडला. रस्ता अजून उघडा आहे, पण फार दिवस राहणार नाही.

तेवढ्यात चष्म्याचे साहेब पुढं झुकले आणि त्यांचा चेहरा फुलला. "अरे वा! बदललंत तर! चांदणी आधी. आणि मागची जमीन निळी केलीत, हेही छान दिसतंय. आभारी आहोत."

मिशांचे साहेब लाल झाले. आमच्या पाठीमागं हे ठरलं कधी, असं त्यांनी विचारलं. सौजन्य पार संपलं होतं.

मी म्हटलं, काही बदललेलं नाही. पहिलीच चादर आहे ती.

"पहिली पांढरी होती. तिच्यावर झाड आधी होतं. आमच्याकडं फोटो आहे," मिशांचे साहेब म्हणाले.

"तीच आहे."

"बाई, आम्हाला डोळे आहेत."

म्हणजे मी खोटारडी! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले, चादर खुंट्यांवरून ओढली आणि लॅपटॉपसमोर टेबलावर धाडकन आपटली. अण्णांचा पेनाचा डबा खाली पडला. चादर अर्धी उलगडून टेबलावर पसरली, पांढरी बाजू वर करून. डावीकडं झाड, उजवीकडं चांदणी.

दोन्ही साहेब पडद्याशी वाकून बघायला लागले. मीही चादरीकडं बघत राहिले. मग मी ती उचलली आणि पालटली. निळी जमीन, पांढरे बिल्ले. डावीकडं चांदणी, उजवीकडं झाड. पुन्हा पालटली. झाड आधी. पुन्हा पालटली. चांदणी आधी.

सोलापुरातल्या कोणालाही विचारा. आमची चादर म्हणजे एकमेकांत गुंतवून विणलेली दोन कापडं. नक्षी दोन्हीकडं सारखीच उठते, फक्त रंगांची अदलाबदल होते, आणि पालटली की डावं ते उजवं होतं. हे आम्ही जन्मापासून बघतो. माझ्या आईच्या घरी, करकंबला, एका अंगानं मळली की दुसऱ्या अंगानं पांघरायची पद्धत होती. इतकं रोजचं, की कोणाला सांगायचं असतं हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. तीन आठवडे आम्ही एकाच बाजूचं चित्र दाखवत राहिलो. त्या लोकांच्या देशांत कापडाला तोंड असतं आणि पाठ असते. आणि मी, चौतीस वर्षं दोन्ही बाजू डोळ्यांसमोर ठेवून नक्षी काढणारी, फोटो बघून बघून त्यांच्यासारखीच एका बाजूची होऊन बसले होते. मला स्वतःचीच लाज वाटली. अण्णांकडं बघितलं तर ते छताकडं बघत होते.

पडद्यावर सिस्टर हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला.

मिशांच्या साहेबांना मात्र अजून खात्री पटेना. त्यांनी विचारलं, "पण यातली सुलटी बाजू कोणती?"

"दोन्ही."

"मग उलटी?"

"उलटी नाहीच."

"प्रत्येक कापडाला उलटी बाजू असते."

"आमच्या नसते," मी म्हटलं, आणि खरं सांगते, हे म्हणताना मला इतका अभिमान वाटला की बस्स.

चष्म्याच्या साहेबांना ते लेखी हवं होतं. मग तिथल्या तिथं मसुदा झाला. या चादरीला उलटी बाजू नाही, दोन्ही बाजू सारख्याच मानाच्या समजाव्यात, आणि कोणती वर ठेवायची ते पांघरणाऱ्यानं ठरवावं. गाठोड्यात घडी कशी घालायची यावर आणखी पाऊण तास गेला. शेवटी एका गाठोड्यात पांढरी बाजू बाहेर, दुसऱ्यात निळी, असं ठरलं. त्या कागदावर दोन देशांच्या अधिकाऱ्यांनी सह्या केल्या. त्याची प्रत अण्णांनी केबिनमध्ये, देवांच्या फोटोशेजारी लावली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून दाखवतात, आणि ही युक्ती त्यांची होती असं सांगतात. मी वाद घालत नाही. म्हणजे घालते, पण पाहुणे गेल्यावर.

त्यानंतर चारही माग रात्रंदिवस चालले. दसऱ्याला पूजेपुरते थांबले तेवढेच. मामांनी दोन आठवडे मंद्रूपला जाणं सोडलं आणि कारखान्यातच मुक्काम ठोकला. चादरींच्या टोकांना सुटलेल्या दशांना गाठी मारायला मीही बसले, माझी बोटं आखडून गेली. पण मजा आली, हे लपवत नाही. जेकार्डचा आवाज फार दिवसांनी एवढा भरून ऐकला. वसुबारसेच्या दिवशी ट्रक भरला. मामांनी शेवटच्या गाठोड्याला हात लावून नमस्कार केला आणि दिवाळीला घरी गेले.

मग काहीच कळेना. चादरी विमानानं गेल्या, तिथून ट्रकवर चढल्या, इतपत एजंटानं सांगितलं. रस्त्याचं त्याला माहीत नव्हतं. टीव्हीवर त्या युद्धाची बातमी लागली की मी डोंगराकडं बघायची, बर्फ किती आहे ते. अण्णा म्हणायचे, पोचल्या असतील हो ताई. मी म्हणायची, तुम्हाला काय माहीत. रोज एकदा हे व्हायचंच.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सकाळी, आम्ही तिघं चहा घेत होतो. अण्णांचा फोन वाजला. सिस्टरनं एक फोटो पाठवला होता, सोबत एक शब्दही नाही. मी फोन त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच.

लांबलचक वॉर्ड होता. खिडक्यांतून ऊन आलेलं, खिडकीबाहेर नुसतं पांढरं. दोन्ही बाजूंना खाटा, आणि प्रत्येक खाटेवर आमची चादर. काही पांढऱ्या, काही निळ्या, कशाही. मी फोटो मोठा केला आणि बिल्ले शोधायला लागले. पहिल्या खाटेवर दिसेनात. दुसऱ्या खाटेवर नाहीत. एकाही खाटेवर झाड नव्हतं की चांदणी नव्हती. मग लक्षात आलं. तिथल्या नर्सबायांनी बिल्ल्यांचं टोक पायाकडं घेऊन गादीखाली घट्ट खोचून टाकलं होतं, वारा आत जाऊ नये म्हणून. सगळीकडं, ओळीनं.

"तीन आठवडे!" मी ओरडले. "तीन आठवडे भांडले ते, आणि ही बया गादीखाली खोचते! पायाशी! बघा मामा, तुमची निशाणी कुठं गेली ती!"

मामांनी चष्मा लावला. फोन हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता हे चिडणार.

"ताई," ते म्हणाले, "बिल्ला जाऊं दे. मानसं बगा की. समदी झोपल्यात."

मी फोन परत घेतला. बिल्ले सोडून पहिल्यांदाच चेहरे बघितले. एका खाटेवर हात लोंबकळत होता, एकाचं तोंड उघडं होतं, एकानं डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं होतं आणि केसच तेवढे दिसत होते. भर सकाळी, उन्हात, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे गाढ झोपले होते.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी आणखी चहा मागवला, आणि त्या वेळी मी त्यांच्याशी वाद घातला नाही.